पथ्याची चिठ्ठी

आमच्या घरात सध्या एक डबी फिरते आहे. पांढरी, प्लास्टिकची, वर मूठभर कंबरेच्या बाईचं चित्र. माझ्या भाच्याची नात प्राची ती औषधाच्या दुकानातून घेऊन आली. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही म्हणे, मागितली की देतात. कधी टीव्हीवर, कधी फ्रिजच्या डोक्यावर, तर कधी देव्हाऱ्याच्या कडेलासुद्धा ती मला दिसते. एकदा प्राची माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, तू एवढी वर्षं मास्तरीण होतीस, तुला माहीत असेल. या गोळ्यांनी खरंच वजन उतरतं का गं?" मी म्हटलं, "उतरतं." पोरगी खूश झाली. पुढचं मी सांगणार होते, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत अंगणात गेली. म्हाताऱ्या माणसाचं पुढचं वाक्य ऐकायला कुणाजवळ वेळ नसतो. म्हणून ते आता इथं लिहिते.

आमचं गाव चांद्याकडच्या मूल नावाच्या बाजारगावापासून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. आम्ही ढिवर. बा पहाटे जाळं घेऊन तलावावर जायचा आणि माय डोक्यावर टोपली घेऊन मूलच्या बाजारात मासळी विकायची. मोठी बहीण यमुना, आणि तिच्या पाठीवर दोन भावंडं जाऊन मग मी, कौसल्या. मोठ्या बहिणीला आमच्याकडं 'बाई' म्हणतात, तशी तीही माझी बाई. माझं लहानपण म्हणजे मला आधी आवाजच आठवतात. सकाळी अंगणातल्या उखळात मायचं आणि बाईचं मुसळ आळीपाळीनं पडायचं, धप, धप, आणि त्या तालावर मला पुन्हा झोप लागायची. त्या हातसडीच्या तांदळाचा भात तांबूस व्हायचा, जरा चिकट, गोडसर. त्यावर लाखोळीची डाळ नाहीतर अंबाडीची भाजी, आणि मासळी तर घरचीच. मग मूलला आणखी एक धानाची गिरणी सुरू झाली आणि तिच्या मालकाच्या स्वयंपाकघरात बा मासळी द्यायला लागला. बदल्यात गिरणीचा तांदूळ मिळायचा. पहिल्यांदा मायनं तो सुपात ओतला तेव्हा शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या होत्या. जाईच्या कळ्यांसारखा पांढरा, एक दाणा तुटलेला नाही, कोंड्याचा कण नाही. माय दिवसभर हरखून होती. त्या दिवसापासून मुसळ कोपऱ्यात उभं राहिलं आणि उखळात कोंबडी अंडी घालायला लागली. तांबडा भात आता पाहुण्यांपासून लपवायची गोष्ट झाली.

बाई अंगानं काडी होती, पण पाण्यात उतरली की तिच्यापुढं बासुद्धा हात टेकायचा. मला पाठीवर घेऊन ती तलावाच्या मधोमध जायची आणि "सोडू का?" म्हणून घाबरवायची. कमळाच्या वेलांत हात घालून झिंगे, म्हणजे तळ्यातली कोळंबी, पकडायची. ते पाळीवर वाळवायचे आणि मग लाखोळीच्या डाळीत शिजवायचे, हा तिचा जीव की प्राण पदार्थ. तो ज्या दिवशी असे त्या दिवशी ती बाच्या आधी चुलीपाशी बसलेली असायची आणि मायच्या शिव्या खायची. चिमूरकडच्या एका गावी तिला दिली होती. पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिला मुलगा झाला. मायनं ठरवून टाकलं, की लेकीला सासरी भरडं खावं लागतं, तर माहेरी तरी तिनं पांढरा भातच खावा. डाळीनं पोराचं पोट फुगतं म्हणून डाळ बंद. मासळीनं पोराच्या अंगाला खाज सुटते म्हणून मासळी बंद. पांढरा भात, मीठ, मिळालंच तर वर चमचाभर तूप. तीन वेळा. आम्ही सगळे डाळ आणि मासळी खायचो आणि बाई आमच्याकडं बघत तो पांढराशुभ्र भात खायची. आपल्या लेकीचं आपण कसं राजाच्या घरच्यासारखं करतो, याचा मायला फार अभिमान होता.

पोळ्याच्या सुमाराला बाई भरायला लागली. आधी चेहरा वाटोळा झाला, मग पाय. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "यमुनीले माहेरचं पाणी अंगी लागलं वो!" माय म्हणायची, "अंगावर मूठभर मांस चढलं माया लेकीच्या." एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वस्तीत जाड माणूस नव्हतंच. बरगड्या मोजता येतील असेच सगळे. जाड म्हणजे गिरणीचा मालक आणि त्याची बायको, त्यांनाही आम्ही लांबून पाहिलेलं. त्यामुळं जाडी हाताला कशी लागते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर त्या भरल्या पायांचा खेळच सापडला होता. बाई पोराला पाजायला बसली, की मी तिच्या नडगीवर अंगठा दाबायची. अंगठा उचलला तरी तिथं खळगा तसाच राहायचा, आणि तो भरून येईस्तोवर मी अंक मोजायची. कधी वीस, कधी तीस. दोन्ही पायांवर चार चार खळगे पाडून त्यात चिंचोके ठेवायचे आणि ते आपोआप वर येताना बघायचे. बाई हसायची. "पाह्य, माह्या पायात तलाव झाला," म्हणायची. हसता हसता तिला धाप लागायची, आणि धाप लागली याचंही आम्हा दोघींना हसू यायचं.

मग तिची सासू नातू बघायला आली. चिमूरकडून बैलांच्या बंडीत बसून आलेली, उन्हानं तापलेली, आणि आल्या आल्या तिला दिसलं की सून विहिरीवरून अर्धी घागर आणताना तीनदा थांबते. चहासुद्धा न घेता ती मायला म्हणाली, "हे का करून ठेवलं वो तुमी? पोरगी पाठवली होती, का म्हैस पोसाले देली होती?"

माय म्हणाली, "बाळंतीन हाय वो बाई. जराशीक भरली."

"भरली? दम लागून राह्यला तिले. कापणी आली तोंडावर. वाकन का हे? दिवसभर विळा चालवन का?" मग आवाज खाली करून, पण बाईला ऐकू जाईल इतकाच खाली करून, ती म्हणाली, "दिवाळीवर माहा पोरगा येते न्यायाले. तोवर उतरली तं बरं. नाई तं ठेवा तुमच्याच घरी. आमाले हाताची माणसं पायजे, बसून खानारी नाई."

ती गेल्यावर बाई पोराला मांडीवर घेऊन बसून राहिली. बांगडी फिरवायचा प्रयत्न करत होती, आणि ती फिरत नव्हती. त्या दिवसापासून तिनं भातही अर्धा केला. तरी पाय काही उतरेनात. उलट मुसळाएवढे झाले. माय देवाला नवस बोलली, बा जाळं विणत बसला. ज्या लेकीला आपण जीव लावून खाऊ घातलं, त्या खाऊ घातल्यामुळंच तिचा संसार मोडायला आला, ही गोष्ट मायला सोसत नव्हती.

आणि इथं मी आले. मी चौथीत होते. आमच्या घरात, किंबहुना आमच्या सगळ्या ओळीत, अक्षर वाचता येणारी मी एकटी. माणसं तार, पोस्टकार्ड, सरकारी कागद घेऊन माझ्याकडं यायची आणि मी पाटावर बसून वाचायची. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली पोर. एका बाजारच्या दिवशी मायबरोबर मूलला गेले असताना गिरणीच्या रस्त्यावरच्या एका दुकानात मला एक पाटी दिसली. दोन बायांची चित्रं, एक घागरीसारखी, दुसरी वेतासारखी. माय टोपली उतरवून म्हणाली, "का लिवून हाय वं थे?" मी मोठ्यानं वाचलं. "लठ्ठपणा समूळ नष्ट. चाळीस दिवसांत शरीर सुडौल. अपाय नाही."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, आणखी मोठ्यानं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली तेव्हा मला फार बरं वाटलं. मायनं मला विचारलं, "खरं असन का वं?" आणि मी, दहा-अकरा वर्षांची, तिला सांगितलं, "माय, छापलेलं हाय थे. खोटं कोन छापते?"

दुकानदारानं बाईला बघायला मागितलं नाही, की काही विचारलं नाही. पुडक्यात गोळ्या बांधल्या, एक छापील चिठ्ठी दिली आणि म्हणाला, "सबेरे एक, शाम को एक. पण पथ्य कडक पायजे. पथ्य नाई तं गोळीले दोष देजो नोको." घरी आल्यावर मी ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. डाळ, तेल, मासळी, भाजी वर्ज्य. केवळ पांढरा भात मीठ घालून घ्यावा. मायला बरंच वाटलं, कारण ती तेच तर देत होती. मी ती चिठ्ठी चुलीवरच्या फळीला खिळ्यानं लावली आणि त्या दिवसापासून बाईच्या जेवणावर पहारा सुरू केला.

गोळ्यांनी काम केलं, हे मला खोटं सांगता येणार नाही. दुसऱ्याच दिवसापासून बाईला सारखं उठावं लागायचं. दिवसातून आठ-दहा वेळा ती परसात जायची आणि भिंतीला धरून परत यायची. आठवड्याभरात बांगडी फिरली. बाई मला हाक मारून दाखवायची, "पाह्य कौशे, फिरली!" घरात सणासारखं झालं. पण हाताच्या काकणाला आरसा हवाच होता आम्हाला. गोळ्या सुरू केल्या त्याच आठवड्यात गावातली एक बंडी लवकर पिकणारा हलका धान घेऊन गिरणीवर निघाली होती, तिच्यात बाईला बसवून नेलं होतं. माणूस तोलायची आमच्याकडं पद्धत नाही, तुळईला टांगलेला तो काटा पोत्यांसाठी. दुपारी हमाल भाकर खायला बसले तेव्हा बाई लाजत पारड्यात बसली. एक मण सोळा शेर. पंधरा दिवसांनी पुन्हा नेलं. एक मण अकरा शेर. मी टाळ्या वाजवल्या. मायनं तिथंच पदरानं डोळे पुसले.

गिरणीचा मापारी म्हातारा होता, सोमाजी नावाचा. तो दिवसभर धानाचा दाणा दाताखाली धरून बघायचा, ओला की वाळला. पारडं सोडून बाईला हात देत तो मायला म्हणाला, "खूश नोको होऊ वो एवढी. ओलं पोतं वाळलं का वजन उतरते. दाना गेला का पानी गेलं, थे काट्याले समजत नाई." माय हसली. मीही हसले. मला वाटलं, याला वाचता येत नाही, याला काय कळणार!

आता ती ताटलीची गोष्ट. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दुसऱ्यांदा वजन करून आल्यावर चार दिवसांनी बाई अंथरुणाला टेकून बसली होती. पाय पुन्हा भरत होते, आणि पायाला आग होते म्हणायची, मुंग्या चावतात म्हणायची. मायनं आमच्यासाठी वाळल्या झिंग्यांची लाखोळीची डाळ केली होती. वास घरभर होता. बाई म्हणाली, "माय, एक घास दे वो. तोंडाले चवच नाई राह्यली. भात पाह्यला का मळमळते." मायचा जीव कळवळला. ताटलीत थोडी डाळ आणि चार झिंगे घेऊन ती निघाली आणि मी मध्ये उभी राहिले.

"चिठ्ठीत नाई म्हनून लिवून हाय."

"एक घास, वं."

"पथ्य मोडलं तं गोळी काम नाई करत. मंग भाऊजी नेनार नाईत बाईले. चालन तुले?"

मायनं बाईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फळीवरच्या त्या चिठ्ठीकडं पाहिलं. तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. मी तिच्या हातातून ताटली घेतली. बाईच म्हणाली, "बरोबर बोलून राह्यली थे. जाऊ दे." आणि वाया कशाला जायचं म्हणून तिच्या समोर बसून ते मी खाल्लं.

दिवाळीच्या आधी भाऊजी बंडी घेऊन आले. मोठा साधा माणूस. बाईला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण जाडीमुळं नव्हे. ओठ निळे पडले होते आणि आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकूनच झोपायची. तरी तिनं लुगडं बदललं, पोराला काजळ घातलं, आणि अंगणातून बंडीपर्यंत चालत गेली. वीसएक पावलं असतील. ती चालताना आम्ही सगळे पावलं मोजल्यासारखे बघत होतो. बंडीत बसल्यावर ती मायला म्हणाली, "पाह्य, उतरली ना मी?" आणि मग तिला बोलता येईना.

भाऊजींनी बंडी चिमूरच्या वाटेला न लावता मूलच्या दवाखान्याकडं वळवली. बा बैलांपुढं पळत होता. मला बरोबर घेतलं, कारण तिथं काही वाचायचं असलं तर कोण वाचणार! दोन कोस वाट, बैल थकलेले, आणि बाई मायच्या छातीला टेकून तोंड उघडून श्वास ओढते आहे. मी गोळ्यांचं पुडकं आणि खिळ्यावरून काढलेली चिठ्ठी हातात घट्ट धरून बसले होते. मला वाटत होतं, दवाखान्यात ती दाखवली की सगळं नीट होईल. डॉक्टर दौऱ्यावर गेलेले. दवाखान्याच्या ओट्यावर कंपाउंडरनं बाईला टेकवून बसवलं, जाडी उतरवायला गोळ्या दिल्याचं मायकडून ऐकलं, नाडी बघितली, आणि मग तिच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खळगा तसाच राहिला. तो माझा खेळ होता. कंपाउंडर मात्र हसला नाही.

"ही बाई जाड कुठी हाय? ही सुजली हाय," तो म्हणाला. "का खाते ही?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी चिठ्ठी पुढं केली. त्यानं ती वाचली, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली. चांद्याला, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे म्हणाला, मोटारीची व्यवस्था बघायला एक माणूस पाठवला. तो माणूस परत यायच्या आत, ऐन दुपारी, त्या ओट्यावर बाई गेली. पोर तिच्या मांडीवरच होतं.

पुढं मी मास्तरकीच्या शिक्षणाला गेले तेव्हा वसतिगृहात येणाऱ्या एका नर्सबाईंना मी हे सगळं, ताटली सोडून, सांगितलं. त्या म्हणाल्या, तांदूळ फार पांढरा केला की कोंड्याबरोबर अंगाला लागणारं सत्त्वच जातं, आणि नुसता तोच खाल्ला की माणूस असं सुजतं. हातसडीचा तांदूळ, डाळ, भाजी पोटात गेली असती तर कदाचित उठली असती. गोळ्यांत बहुधा जुलाब असावा, पाणी तेवढं काढलं त्यांनी. मी डॉक्टर नाही, त्यांचंही खरं किती ते मला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की गिरणीवर कोंड्याचे ढीग पडायचे आणि ते मालकाच्या म्हशी खायच्या. म्हशी धडधाकट होत्या.

बाईचं पोर मायनं शेळीच्या दुधावर आणि तांबड्या भाताच्या पेजेवर वाढवलं. तोच माझा भाचा, प्राचीचा आजोबा. परवा प्राची माझ्या खोलीत आली आणि नाचतच म्हणाली, "आजी, दोन किलो उतरलं!" मी तिला जवळ बसवलं आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. मांस लगेच वर आलं. "काय करतेस गं, गुदगुल्या होतात," म्हणत तिनं पाय ओढून घेतला. मी म्हटलं, नको घेऊस त्या. नीट जेव. ती म्हणाली, "आजी, त्यावर लिहिलंय, नैसर्गिक आहे." लिहिलेल्यावर विश्वास ठेवा, हे तर मीच आयुष्यभर पोरांना शिकवत आले.

बाईच्या दहाव्याला तलावाच्या पाळीवर घास ठेवायचा होता. मायनं सकाळी कोपऱ्यातलं मुसळ काढलं, उखळ पुसलं आणि एकटीनं धान कांडला. दुसऱ्या मुसळाला हात नव्हता, त्यामुळं मधे मधे ताल रिकामा जायचा. तांबडा भात केला. वर झिंग्यांची लाखोळीची डाळ. पळसाच्या पानावर वाढलं आणि मला हाक मारली. मी दाराआड उभी होते. दहा दिवसांत ती मला एक शब्द बोलली नव्हती, रागाचासुद्धा नाही. बोलली असती तर मला सोसलं असतं. तिनं पान माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं आणि पाळीकडं बोट केलं. पान कललं, डाळ कडेवरून ओघळली, आणि मी तिथंच थांबले.

"ठेव वं," माय म्हणाली. "आता पथ्य नाई."